खिशातल्या घड्याळात अख्खं कॅलेंडर कसं काय बसवतात?

२०१७ चा ईस्टर होऊन गेला आणि जगातल्या सगळ्यात भारी घड्याळांपैकी एकाला पुढचा ईस्टर कधी ते सांगता येईना. घड्याळाचं नाव कॅलिबर ८९, बनवणारी कंपनी जिनिव्हाची पाटेक फिलिप, साल १९८९. बिघाड वगैरे काही नव्हता. आत एक खाचा पाडलेलं छोटं चाक आहे, ते वर्षाला एक खाच पुढे सरकतं, खाच किती खोल आहे त्यावरून त्या वर्षीची ईस्टरची तारीख ठरते, आणि २०१७ ला त्या खाचा संपल्या. पुढचं हवं असेल तर नवीन चाक कापून बसवायचं.

बरेच जण हे ऐकून म्हणतात, एवढे पैसे घेऊन जेमतेम तीस वर्षांच्या तारखा? मला मात्र नेमकी हीच गोष्ट आवडते. मोबाईलला ईस्टर विचारला की तो सांगतो, पण ते उत्तर कुठून आलं हे तुम्हाआम्हाला कधीच दिसणार नाही. या घड्याळात ते उत्तर धातूच्या एका कडेवर कानशीने घासून ठेवलंय, भिंग लावलं तर दिसतं, आणि कुठे संपतं तेही दिसतं. फोनमध्ये सेकंदाच्याही बारीक भागापर्यंत वेळ फुकट मिळत असताना माणसं अजून या यांत्रिक घड्याळांमागे वेडी का होतात, याचं माझ्या मते खरं उत्तर हेच आहे. बाकी श्रीमंती, मिरवणं वगैरे आहेच, त्यावर येतो नंतर.

आधी एक शब्द क्लिअर करू. तास, मिनिट, सेकंद सोडून घड्याळ जे काही जास्तीचं दाखवतं किंवा वाजवतं त्याला या धंद्यात कॉम्प्लिकेशन म्हणतात. आपल्या साध्या एचएमटीतली तारखेची खिडकी हेही एक कॉम्प्लिकेशनच. कॅलिबर ८९ मध्ये अशी ३३ आहेत आणि १,७२८ पार्ट. मग २०१५ ला वाशरॉन कॉन्स्टन्टिनने ५७ वालं काढलं, रेफरन्स (म्हणजे मॉडेल नंबर) ५७२६०, पार्ट २,८२६, तीन कारागीर, आठ वर्षं. आणि २०२४ ला त्याच कंपनीने त्याच गिऱ्हाइकासाठी ६३ वालं केलं, त्याला अकरा वर्षं लागली. यांना खिशातली घड्याळं म्हणायचं खरं, पण कॅलिबर ८९ चं वजन १.१ किलो आहे आणि ५७२६० जवळपास दहा सेंटीमीटर रुंद, त्यामुळे खिसा कुठून आणायचा ते तुम्हीच बघा.

पण मग मनगटावरचं का नाही, खिशातलंच का? जागा, दुसरं काही नाही. मनगटावर चार सेंटीमीटरच्या पुढे गेलं की हात अवघडतो. खिशातल्या घड्याळाला, आणि आता तर टेबलावर ठेवायच्या या "खिशातल्या" घड्याळाला, ते बंधन नसतं, त्यामुळे सगळ्यात जास्त डोकं चालवलेली मशीनं याच आकारात मिळतात.

आता आत काय चालतं ते बघू. चावी दिली की एका डबीतली लांब पट्टीची स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला उलगडायचं असतं. मोकळी सोडली तर काही सेकंदांत भर्रकन उलगडून संपेल, म्हणून दातेरी चाकांच्या रांगेच्या शेवटी एक अडवणारा बसवलेला असतो, एस्केपमेंट, तो एका वेळी एकच दात सोडतो. आणि केव्हा सोडायचा ते ठरवतं बॅलन्स, म्हणजे ते मागेपुढे झुलणारं चाक, ज्याच्या मधे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ही केसाची स्प्रिंग १६७५ ला डच शास्त्रज्ञ हायगेन्सने आणली (इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं म्हणणं होतं की आयडिया माझी, ते भांडण मिटलंच नाही) आणि तेव्हापासून मिनिटाचा काटा लावण्यात अर्थ आला, कारण त्याआधी घड्याळं दिवसाला भरपूर चुकायची.

जुन्या खिशातल्या घड्याळात साधारण सेकंदाला पाच टिक, दिवसाला ४,३२,०००. त्यात दिवसाला पाच सेकंदांची चूक झाली तर आपण नाक मुरडतो, पण ८६,४०० सेकंदांत पाच म्हणजे ९९.९९४ टक्के बरोबर, तेही स्प्रिंग, तेल आणि पितळेच्या जोरावर. सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्याशी स्पर्धाच नाही, आणि ती कोणी करतही नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या सगळ्याला ताकद पुरवणारी मेन स्प्रिंग एकच. एकाच्या पगारावर चालणारं मोठं घर असतं ना तसं, तारीख बदलायला ताकद लागते, चंद्र सरकवायला लागते, वार बदलायला, महिना बदलायला, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री हे सगळे एकदम हात पसरून उभे. त्या क्षणी बॅलन्सला ताकद कमी पडली तर त्याचा झोका आखूड होतो आणि घड्याळ मागे पडतं. म्हणून कॉम्प्लिकेशन वाढवणं म्हणजे नुसतं चाकांवर चाकं रचणं नाही. कोण केव्हा आणि किती खाणार याचं गणित आधी बसवावं लागतं, मग कोणी हळूहळू दिवसभर ताकद साठवतो आणि बाराला एकदम उडी मारतो, कोणी रात्री दहापासूनच सरकायला लागतो. काही कामांना तर वेगळी स्प्रिंगच देतात.

कॅलेंडरकडे येऊ, कारण माझ्या मते खरी मजा तिथे आहे.

महिने ३०, ३१, २८, आणि चार वर्षांनी २९. हे चाकांना कसं समजणार? तर एक चाक घ्यायचं जे चार वर्षांत एकदा फिरतं, म्हणजे ४८ महिने. त्याच्या कडेवर ४८ जागा. ३१ दिवसांच्या महिन्याला कड सपाट, ३० च्या महिन्याला थोडी खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्या खोल खाचेपेक्षा किंचित कमी खोल. एक लांब दांडी या कडेवर टेकलेली असते. महिना संपताना दांडीचं टोक खाचेत जितकं खाली जातं तितक्या तारखा ती एका झटक्यात ढकलते. २८ फेब्रुवारीला खोल खाचेत पडते आणि २९, ३०, ३१ ओलांडून सरळ १ वर आणते. याला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात, आणि थॉमस मज नावाच्या इंग्लिश घड्याळजीने १७६२ च्या सुमारास ते घड्याळात बसवलं होतं. वीज नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि लीप वर्ष बरोब्बर. सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना मी नेहमी म्हणतो, तुमची लुकअप टेबल (उत्तरं आधीच भरून ठेवलेला तक्ता) अडीचशे वर्षं जुनी आहे बाबांनो.

पण "पर्पेच्युअल" म्हणजे कायमचं, हे काही खरं नाही. १५८२ पासूनचा नियम असा की शतकाचं वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप. २००० होतं, २१०० नसणार. ४८ महिन्यांच्या चाकाला हे कुठून माहीत, ते आपलं २१०० मध्ये निवांत २९ फेब्रुवारी दाखवेल आणि जगभरची बहुतेक पर्पेच्युअल कॅलेंडरवाली घड्याळं एकाच दिवशी चुकतील. त्या दिवशी हाताने एक तारीख पुढे ढकलावी लागेल. कॅलिबर ८९ मध्ये हा शतकांचा नियमही चाकात घातलाय, म्हणजे शंभर वर्षांत एकदा, आणि तेही प्रत्येक शतकात नाही, होणाऱ्या एका हालचालीसाठी वेगळे पार्ट. ते पार्ट बनवणाऱ्याने त्यांना खरोखर काम करताना कधीच बघितलं नसणार.

ईस्टर तर अजून वात्रट. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा (ती पण चर्चच्या हिशोबाची, आकाशातली नाही) आणि त्यानंतरचा पहिला रविवार. त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही उडते, आणि तोच क्रम पहिल्यापासून परत सुरू व्हायला ५७ लाख वर्षं लागतात. इतक्या खाचांचं चाक कोण कापणार, म्हणून पाटेकने सरळ २०१७ पर्यंतच्या तारखा कापल्या आणि विषय संपवला.

आपल्याला यात काही नवल वाटू नये खरं तर. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, हे आपण लहानपणापासून बघतोय, कारण तेच: महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचं, दोघांचं जमत नाही, बारा चांद्रमहिने वर्षाला साधारण अकरा दिवस कमी पडतात, म्हणून मग अधिक महिना घालायचा. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि सगळे सण पुढे ढकलले गेले ते आठवत असेल. ज्यूंच्या कॅलेंडरमध्येही अधिक महिना असतो, पण त्यांनी तो १९ वर्षांत ७ वेळा असा पक्का बांधून टाकलाय, म्हणून ५७२६० मध्ये तो चाकांत बसवता आला. चिनी कॅलेंडर आपल्यासारखंच, अधिक महिना कधी येणार हे प्रत्यक्ष सूर्य-चंद्राच्या गणितावर, ठरलेला साचा नाही. २०२४ च्या घड्याळात वाशरॉनवाल्यांनी तेच बसवलं आणि २२०० सालापर्यंतचं भरून ठेवलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आपलं पंचांगही बसू शकेल, पण तिथी भलत्याच वेळी, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनीही बदलते, वर क्षय आणि वृद्धी, त्यामुळे जो कारागीर हे अंगावर घेईल त्याला आधीच नमस्कार.

चंद्रकलेचं मात्र एकदम साधं असतं. ५९ दातांची तबकडी, तिच्यावर दोन चंद्र, दिवसाला एक दात. म्हणजे साडेएकोणतीस दिवसांचा महिना, आणि खरा महिना २९.५३ चा, त्यामुळे अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात एका दिवसाची चूक. १३५ दात घेतले तर तेवढीच चूक व्हायला १२२ वर्षं लागतात. कमी खर्चात सगळ्यात गोड दिसणारं कॉम्प्लिकेशन हेच.

आता एक असं जे बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, इक्वेशन ऑफ टाइम. घड्याळातले बारा आणि सूर्य डोक्यावर येणं हे वर्षातून फक्त चारदा जुळतं, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. मुंबईत राहून हे स्वतः तपासता येतं. आपली भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य सरासरी १२:३९ ला डोक्यावर येतो. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:२२ लाच येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ ला. गच्चीत एक काठी उभी करा, सावली सगळ्यात आखूड केव्हा होते ते बघा. (हीच ३९ मिनिटं म्हणजे जुना बॉम्बे टाइम. १९०६ ला देशभर एक वेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ पार १९५५ पर्यंत जपून ठेवली होती, त्या काळी खिशात घड्याळ असलेल्या माणसाला कुठली वेळ लावायची हा खरा प्रश्न असणार.) तर हा वर्षभराचा सूर्याचा मागेपुढेपणा घड्याळात कसा येतो? एक राजम्याच्या दाण्यासारखी वाकडी चकती, वर्षाला एक फेरी, तिच्या कडेवरून एक दांडी घसरत जाते आणि दांडीला जोडलेला काटा अधिक सोळा ते उणे चौदा असा डुलतो. पृथ्वीची अख्खी कक्षा एका नखाएवढ्या चकतीच्या कडेत. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बराच वेळ त्या चकतीचा फोटो झूम करून बघत बसलो होतो.

मिनिट रिपीटर. याच्याबद्दल लिहायला मला जागा पुरणार नाही. कडेची एक पट्टी सरकवायची आणि घड्याळ वाजून वेळ सांगतं. ३:४० असेल तर तीन जाड टोले, मग दोन वेळा डिंग-डाँग म्हणजे दोन पाव तास, मग दहा बारीक टोले. सगळ्यात लांब १२:५९, एकूण ३२ ठोके. याची सुरुवात १६८० च्या दशकात लंडनमध्ये झाली, डॅनियल क्वेअर आणि एडवर्ड बार्लो दोघांनीही दावा केला, आणि १६८७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने क्वेअरच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा रात्री किती वाजले बघायचे तर चकमक घासून मेणबत्ती पेटवा, त्यापेक्षा अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं तर सोपं. त्या घड्याळांत फक्त तास आणि पाव तास वाजायचे, मिनिटं नंतर आली.

पण घड्याळाला कळतं कसं किती टोले द्यायचे? तासाच्या काट्याबरोबर फिरणारी एक गोगलगाईच्या आकाराची चकती असते, कडेला बारा पायऱ्या. पाव तासाला चार पायऱ्यांची. मिनिटाला चार फांद्यांची, प्रत्येकीवर चौदा पायऱ्या. तुम्ही पट्टी ओढली की एक छोटी वेगळी स्प्रिंग भरते (मेन स्प्रिंगला हात न लावता, मघाशी म्हटलं ना) आणि तीन दातेरी पट्ट्या या तीन चकत्यांवर येऊन टेकतात. पायरी जितकी खोल, पट्टी तितकी खाली, आणि परत वर जाताना तितके दात छोट्या हातोडीला ठोकून जातात. म्हणजे घड्याळ काहीही मोजत नाही, ते स्वतःचीच सध्याची अवस्था चाचपून बघतं. आणि समजा कोणी पट्टी अर्धवटच ओढली तर? चार वाजता दोन टोले पडायचे. त्यासाठी एक वेगळा पार्ट असतो, पट्टी पूर्ण ओढली नाही तर तो हातोडीला हलूच देत नाही, एक तर पूर्ण वाजेल नाही तर अजिबात नाही.

वाजणारी वस्तू म्हणजे मशीनच्या भोवती गुंडाळलेली कडक पोलादाची तार. आधी आत घंटी असायची, घड्याळ जाड व्हायचं, ही तारेची युक्ती पॅरिसचा घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे याची, १७८३ ची. तार कानशीने कणभर घासली की सूर बदलतो, जास्त घासली तर गेली, नवीन घ्या. शेवटी हे कानानेच ठरतं. पाटेकमध्ये मिनिट रिपीटर बाहेर पडायच्या आधी कंपनीचे अध्यक्ष स्वतः ऐकून पास करतात असं ते सांगतात, मार्केटिंग म्हणून सोडून द्यायचं तर द्या, पण दुसरी कुठली चाचणी असणार तरी काय.

टूरबियाँबद्दल लिहिलं नाही तर लोक रागावतील. ब्रेगेनेच १८०१ ला पेटंट घेतलं. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं लटकतं, गुरुत्वाकर्षण बॅलन्सला एकाच बाजूने ओढतं, म्हणून त्याने बॅलन्स आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात घालून पिंजराच फिरवला, म्हणजे चूक सगळ्या बाजूंनी होऊन एकमेकींना कापेल. खिशात ठीक होतं. मनगट दिवसभर हलतंच असतं, तिथे याचा उपयोग नगण्य, आणि तरी आज सगळ्यात जास्त पैसे याच नावावर उकळले जातात. दिसतं मात्र झकास, हे मान्य.

ब्रेगेचा विषय निघालाच आहे तर त्याचं ते १६० नंबरचं घड्याळ. १७८३ ला ऑर्डर आली, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी, तेव्हा माहीत असलेलं सगळं त्यात घाला, वेळेची आणि पैशाची मर्यादा नाही. १७९३ ला राणीचं डोकं गिलोटिनखाली गेलं. १८२३ ला ब्रेगे गेला. घड्याळ १८२७ ला पूर्ण झालं, ८२३ पार्ट, गिऱ्हाईक नाही, मूळ कारागीर नाही. १९८३ ला ते जेरुसलेमच्या म्युझियममधून इतर शंभरेक घड्याळांबरोबर चोरीला गेलं आणि तेवीसेक वर्षं बेपत्ता. चोराने मरताना बायकोला सांगितलं म्हणून ते बाहेर आलं, नाही तर कायमचं गेलं होतं. मधल्या काळात ब्रेगे कंपनीने जुनी चित्रं आणि फोटो बघून नवीन तसंच एक बनवायला घेतलं आणि २००८ ला दाखवलं, तोवर मूळचं सापडलेलं!

इथपर्यंत सगळं जुन्या काळाचं झालं, तेव्हा गरज होती. मग आज कशाला?

२५ डिसेंबर १९६९ ला सेकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पंधरा-वीस वर्षांत स्विस धंदा झोपला. तिथे घड्याळांच्या कामावर सुमारे ९०,००० माणसं होती, ती ३०,००० च्या आसपास उरली. आणि हे चालू असतानाच, १९८० च्या सुमारास, पाटेकने कॅलिबर ८९ चं काम सुरू केलं. लोकांना घरी पाठवलं जात असताना कोणीतरी टेबलावर बसून ईस्टरचं चाक आखतोय. तेव्हा तो वेडेपणा वाटला असेल, पण मला वाटतं तिथेच यांत्रिक घड्याळाचा धंदा बदलला. वेळ सांगायची जबाबदारी एकदा क्वार्ट्‌झने उचलली म्हटल्यावर यांना उरलं फक्त कौशल्य दाखवणं, आणि ते दाखवायला अवघडात अवघड काम लागतं.

त्याच दिवसांत जॉर्ज डॅनियल्स नावाचा इंग्लिश घड्याळजी उलट्या टोकाने तेच करत होता. कंपनी नाही, आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावर एकटा, घड्याळाची बाहेरची डबी, तबकडी, काटे, चाकं सगळं स्वतःच्या हाताने. त्याचं १९८२ चं स्पेस ट्रॅव्हलर म्हणजे चांद्रमोहिमेला केलेला सलाम, एकाच तबकडीवर सूर्याची वेळ आणि ताऱ्यांची वेळ (ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो). २०१९ ला ते लिलावात ३६ लाख पौंडांना गेलं. त्याच्याकडे रॉजर स्मिथ नावाचा तरुण स्वतः बनवलेलं खिशातलं घड्याळ घेऊन गेला, तर डॅनियल्सने ते नाकारलं, म्हणे हाताने केलेलं दिसतंय! हाताने केलेल्याचंच कौतुक असेल असं आपल्याला वाटतं, तर त्याची अट अशी की बनवणाऱ्याच्या हाताची खूणही दिसता कामा नये. स्मिथने परत पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी टूरबियाँ आणि पर्पेच्युअल कॅलेंडर घालून, पाच वर्षांच्या वर लागली, मग तो पास झाला.

फिनिशिंगचंही असंच. पार्टच्या कडा ४५ अंशात घासून चकचकीत करतात. बाहेरचा कोपरा मशीनने होतो. आतला टोकदार कोपरा, जिथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात, तिथे फिरणारं हत्यार पोचतच नाही, तो हातानेच करावा लागतो, म्हणून शौकीन लोक भिंग घेऊन पहिल्यांदा तेच कोपरे शोधतात. आणि यातलं बरंचसं काम तबकडीखाली असतं, जे घड्याळजी सोडून कोणालाच दिसणार नसतं.

दुरुस्तीचाही मुद्दा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं घड्याळ आज चालू होतं कारण तुटलेला दात, झिजलेली दांडी, सगळं कुशल माणूस लेथवर परत बनवू शकतो, कंपनी बंद पडली तरी. दहा वर्षांपूर्वीच्या फोनची चिप कोण बनवून देणार?

आता पैसा. अमेरिकन बँकर हेन्री ग्रेव्हजने १९२५ ला पाटेकला ऑर्डर दिली, १९३३ ला मिळालं, २४ कॉम्प्लिकेशन, ९२० पार्ट, सगळी आकडेमोड कागदावर करून. त्यात न्यूयॉर्कच्या रात्रीचं आकाश आहे, त्याच्या घरातून दिसेल तसं, आणि बिग बेनची धून. मोटारवाला पॅकर्ड आणि हा यांच्यात चढाओढ होती असं सांगतात, पॅकर्डच्या घड्याळात त्याच्या ओहायोतल्या गावाचं आकाश होतं हे खरं, पण चढाओढीची गोष्ट लिलाववाल्यांनी चांगलीच खुलवून सांगितलीय असं जाणकारांचं म्हणणं आहे आणि मलाही तेच पटतं. ग्रेव्हजने ६०,००० फ्रँक दिले होते. १९९९ ला ते १.१ कोटी डॉलरला गेलं, आणि २०१४ ला जिनिव्हात २.३२ कोटी फ्रँकला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने दीडशे कोटी रुपयांच्या आसपास. यात मिरवणं आहे, गुंतवणूक आहे, सगळं आहे. पण असा एखादा ग्रेव्हज पैसे ओतायला तयार नसता तर ही मशीनं झालीच नसती, हेही तितकंच खरं.

आपल्यासारख्यांनी काय करायचं? जिनिव्हात गेलात तर पाटेकचं म्युझियम आहे, लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये घड्याळांचं दालन आहे, तिथे प्रवेश फुकट. नाही तर घरात आजोबांचं साखळीचं घड्याळ, जुनं वेस्ट एंड किंवा फाव्र-ल्यूबा पडलेलं असेल तर तेच काढा. त्यात पर्पेच्युअल कॅलेंडर नसेल, पण स्प्रिंग, एस्केपमेंट आणि झुलणारा बॅलन्स तोच. चोरबाजारातून घेणार असाल तर सांभाळून, तिथे तबकडी एकाची, मशीन दुसऱ्याचं आणि काटे तिसऱ्याचे असलं जोडकाम भरपूर असतं आणि नवीन रंगवलेल्या तबकड्या तर लांबूनच ओळखू येतात, म्हणून मशीन उघडून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. बरीच वर्षं बंद असलेल्याला लगेच चावी देत बसू नका, तेल वाळून घट्ट झालेलं असतं, आधी सर्व्हिसिंग करून घ्या. आणि मागचं झाकण नखाने उघडलं नाही तर चाकू घुसवू नका, काही झाकणं फिरवून उघडायची असतात, घड्याळजी दोन मिनिटांत उघडून देईल.